पाण्याच्या वाटेने पॅटरसन

न्यू जर्सीत मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आईवडिलांना सुट्टीच्या दिवशी कुठे न्यायचं, हा प्रश्न तिथल्या बहुतेक मराठी घरांत पडतो. न्यूयॉर्क पाहून झालेलं असतं, नायगारा लांब पडतो. मग कुणीतरी पॅटरसनच्या ग्रेट फॉल्सचं नाव काढतं. एडिसनहून तासाभरात गाडी पोचते, कठड्याशी फोटो निघतात आणि अर्ध्या तासात मंडळी परतीच्या वाटेला लागतात. धबधबा पाहिला म्हणजे पॅटरसन पाहिलं, असा समज होतो.

पॅसेक नदी इथे ७७ फूट खाली पडते. दोनशे वर्षांहून अधिक काळ इथली माणसं त्या पडण्यातून काम काढून घेत आली आहेत. त्यासाठी त्यांनी कड्यावरून पडणारं पाणी आधीच बाजूला वळवलं, तीन पायऱ्यांच्या पाटांतून उतरवलं आणि प्रत्येक पायरीवर त्याच्याकडून गिरण्या चालवून घेतल्या. एकच पाणी, तीनदा वापरलेलं. ती वाट अजून जागेवर आहे आणि पायी चालता येते. म्हणून आम्ही ही फेरी नेहमी पाण्याच्या दिशेने करतो, वरून खाली. उलट्या दिशेने चाललं तर नुसत्या जुन्या विटांच्या इमारती दिसतात. वरून आलं की कुठली इमारत कुठे आणि का बांधली, ते आपोआप उलगडत जातं. सगळं धरून तीन तास ठेवा. संग्रहालयात रमणारं कुणी बरोबर असेल तर चार.

आधी दिवस निवडायचा. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं, वर पाऊसही असतो, तेव्हा धबधबा भरून वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये बारीक होतो. यामागे नुसता ऋतू नाही. धबधब्याच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे आणि त्याची तीनही यंत्रं पूर्ण जोरात चालवायला सेकंदाला दोन हजार घनफुटांहून जास्त पाणी लागतं. नदीचा वर्षभराचा सरासरी प्रवाह त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे वर्षातले बरेच दिवस कड्यावरून पडणारं आणि यंत्रात जाणारं पाणी एकाच वाटणीतलं असतं. घरून निघण्याआधी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा लिटल फॉल्स इथल्या मापन केंद्राचा प्रवाहाचा आकडा (सेकंदाला किती घनफूट) पाहून घ्यावा. हे केंद्र धबधब्याच्या थोडं वर, त्याच नदीवर आहे. हजारच्या आत आकडा असेल तर धबधब्यापेक्षा पाटांसाठी चला, दोन हजारांच्या वर असेल तर दोन्हींसाठी.

मोठ्या पावसानंतर लोक दुसऱ्याच दिवशी धावतात, तेही चुकतं. धबधब्याच्या वर नदीचं खोरं सपाट आणि दलदलीचं आहे. लिटल फॉल्सच्या वरच्या साडेसातशेहून अधिक चौरस मैलांवरचं पाणी त्या दलदलीत पसरतं, मुरतं आणि सावकाश खाली येतं. सह्याद्रीतल्या नद्या पाऊस थांबला की काही तासांत ओसरतात. पॅसेकला पुराचा माथा गाठायला दोन-तीन दिवस लागतात. २०११ च्या ऑगस्टअखेर आयरीन वादळाने हेच दाखवलं. पाऊस थांबून आकाश निवळलं आणि नदी त्यानंतरही चढतच राहिली. तेव्हा पाऊस संपल्यावर तिसऱ्या दिवशी जावं. फार मोठा पूर असेल तर पादचारी पूल बंद ठेवतात, थंडीत तुषार गोठून वाटा काचेसारख्या झाल्या तरीही बंद ठेवतात. उद्यानाच्या अधिकृत पानावर तशी सूचना असते. ती वाचून निघायचं.

जायला गाडी सोयीची. इंटरस्टेट ८० वरून उतरलं की मॅकब्राइड अॅव्हेन्यूवर ओव्हरलुक पार्क आहे, तिथे छोटा वाहनतळ आहे आणि रविवारी तो लवकर भरतो. रेल्वेने यायचं तर न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनहून सिकॉकसला गाडी बदलून पॅटरसन गाठायचं. स्टेशनपासून धबधबा साधारण वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर आहे. उद्यान राष्ट्रीय आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. फेरी उजेडी पूर्ण करावी. पायांत पकड असलेले बूट हवेत, कारण इथला खडक ओला झाला की शेवाळलेल्या घाटासारखा निसरडा होतो.

खडकावर दोन मिनिटं थांबायलाच हवं. ओव्हरलुकच्या कठड्यावरून समोर काळपट, उभ्या खांबांसारखा फुटलेला कडा दिसतो. मराठी माणसाला तो ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख खरी आहे. तो बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा, थंड होताना आकसून खांबांत तडकलेला, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखा. वय मात्र वेगळं. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा वीस कोटी वर्षांपूर्वीचा. शेवटच्या हिमयुगाअखेर बर्फाने आणि त्याने टाकलेल्या गाळाने नदीची जुनी वाट बुजली, वर मोठं तळं साचलं आणि ते ओसरताना नदीला या बेसाल्टच्या डोंगररांगेतून नवी वाट काढावी लागली. बेसाल्ट कठीण, सहज झिजत नाही. म्हणून नदी हळूहळू उतरण्याऐवजी एका जागी कोसळते. इथली नदी सरळ समोर पडतही नाही. ती एका अरुंद भेगेत आडवी कोसळते आणि काटकोनात वळून बाहेर येते. ओव्हरलुकवरून त्या भेगेचं तोंड दिसतं. पूर्ण पडणं पाहायचं तर घळीवरच्या पादचारी पुलावर जायला हवं. ऊन पाठीशी असेल तर पुलाखाली तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. पुलापलीकडच्या बागेला मेरी एलेन क्रेमर यांचं नाव आहे. त्या इथल्या एका महापौरांच्या पत्नी. या जुन्या गिरणीभागातून महामार्ग नेण्याचा बेत होता, तेव्हा हा भाग वाचवण्याच्या धडपडीत त्या पुढे होत्या. आज पाट आणि गिरण्या दिसतात त्यामागे ते काम आहे, म्हणून ते नाव न वाचता पुढे जाऊ नये.

ओव्हरलुकवर अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा पुतळा आहे. १० जुलै १७७८ रोजी, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्यांचे सहकारी इथे जेवायला थांबले होते. हॅमिल्टन त्यांत होते. पुढे देशाचे अर्थमंत्री झाल्यावर त्यांनी परदेशी मालावर अवलंबून न राहता कारखाने उभे करण्याचा आग्रह धरला. १७९१ मध्ये न्यू जर्सीने एका कंपनीला सनद दिली. तिचं नाव 'सोसायटी फॉर एस्टॅब्लिशिंग यूजफुल मॅन्युफॅक्चर्स', पण लांबलचक नावामुळे तिला एसयूएम म्हणतात. सनदेवर सही करणारे गव्हर्नर विल्यम पॅटरसन, त्यांचंच नाव गावाला मिळालं. पाटांची आखणी आधी पिएर लाँफाँ यांच्याकडे होती, वॉशिंग्टन शहराचा आराखडा करणारे तेच. त्यांचे बेत भव्य, खर्चही भव्य. १७९३ मध्ये काम पीटर कोल्ट यांच्याकडे गेलं आणि त्यांनी परवडेल असा साधा पाट पुरा केला. तोवर सुताची पहिली गिरणी पाण्यावाचून कशी चालवली? बैल जुंपून. तेलाच्या घाण्यासारखे बैल फिरत आणि चरख्यांना गती मिळे, म्हणून तिला 'बुल मिल' म्हणत. कंपनीचे प्रमुख विल्यम ड्युअर १७९२ च्या सट्ट्याच्या पडझडीत बुडाले आणि तुरुंगात गेले. १७९६ मध्ये कंपनीने स्वतःचा सुताचा धंदा बंद केला. त्यानंतर ती टिकली ती फक्त जमीन आणि पाण्याचा जोर भाड्याने देऊन, थेट १९४५ पर्यंत, म्हणजे शहराने ती विकत घेईपर्यंत. पाटांचा नकाशा समजायला ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरते. कंपनी कापड विणत नव्हती, ती उंची विकत होती.

आता पाण्याबरोबर चालायला लागू.

धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीत बंधारा आहे. तो पाणी साठवत नाही, पातळी धरून ठेवतो. पाटाच्या तोंडाशी पाण्याची पातळी एक फुटाने घसरली तर पुढच्या सगळ्या चाकांचं काम घटतं, म्हणून सगळ्यात आधी पातळी राखायची. तिथून पाणी वरच्या पाटात येतं. स्प्रूस स्ट्रीटलगत दगडी काठांचा हा पाट आणि त्यावरचं दारांचं घर आहे. आपल्याकडच्या पाटावर जशी दारं वरखाली करून पाळी सोडतात तसंच, फक्त शेताऐवजी गिरण्यांना. पुरात दारं पुरेशी मिटली नाहीत तर जास्तीचं पाणी पाटाचे काठ फोडतं. गजांच्या जाळ्या दुसऱ्या कामाच्या: पानं, फांद्या, ओंडके चाकापर्यंत जाऊ नयेत म्हणून. शरद ऋतूत पानगळीने त्या तासातासाला तुंबतात. कडाक्याच्या थंडीत याहून वाईट घडतं. पाण्यावर बर्फाचा जाड पापुद्रा धरला तर तो खरं तर उपयोगीच, खालचं पाणी उबदार ठेवतो. त्रास होतो तो उघड्या, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात रात्री तयार होणाऱ्या बर्फाच्या बारीक कणांचा. ते लोखंडी गजांना चिकटतात आणि सकाळपर्यंत अख्खी जाळी बंद होते. अशा गिरण्यांवर पहाटे लांब दाताळी घेऊन जाळ्या मोकळ्या करणं हे कायमचं काम होतं.

पाटात दरवेळी पाणी असेलच असं नाही. कोरडा दिसला तर हिरमुसू नका, उलट नीट बघा. पाण्याने झाकलेलं दगडकाम, तळाचा उतार, चाकांकडे जाणाऱ्या तोंडांच्या खाचा हे सगळं कोरड्या पाटातच दिसतं. उतार जवळपास नाहीच, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. पाट जितका उतरेल तितकी उंची फुकट जाईल. उंची वाटेत सांडायची नाही, चाकाशी आणून एकदम खर्च करायची.

तीन पाट एकाच वेळी झाले नाहीत. कोल्ट यांचा १७९४ चा पाट आज मधला आहे. १८०७ मध्ये त्याच्या खाली, नदीच्या अंगाला दुसरा काढला. गिरण्या वाढल्या, जागा संपली, तेव्हा १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून १८४६ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्यात वरचा झाला. दर दोन पातळ्यांत साधारण २२ फुटांचा फरक आहे, तिन्ही मिळून ६६ फूट. हा आकडा घेऊन एक सोपं गणित पाटाच्या काठावरच करून पाहावं, मुलं बरोबर असतील तर नक्की. एक घनफूट पाण्याचं वजन ६२.४ पौंड. सेकंदाला एक घनफूट पाणी २२ फूट उतरलं तर हिशेबाने अडीच अश्वशक्ती मिळते. चाक, दातेरी चक्रं, घर्षण यांत तिसरा हिस्सा तरी जातो, म्हणजे हातात पावणेदोनच्या आसपास. तेच पाणी दुसऱ्या पायरीवर पुन्हा पावणेदोन देतं, तिसऱ्यावर पुन्हा. कड्यावरून थेट ६६ फूट उतरवणारं चाक त्या काळी कोणी बांधू शकत नव्हतं, तेवढ्या व्यासाचं लाकडी चाक स्वतःच्या वजनाने मोडलं असतं. २२ फूट मात्र सुताराच्या आवाक्यातले. उंचीचे तीन तुकडे करण्यामागे हे साधं कारण आहे.

या मांडणीची अडचणही तिच्यातच आहे. वरच्या गिरणीने वापरून सोडलेलं पाणी हाच मधल्या गिरणीचा पुरवठा. वरची गिरणी सुट्टीमुळे किंवा मोडतोडीमुळे बंद राहिली तर खालची कोरडी पडायची. खालच्या गिरणीवाल्याने भाडं भरलेलं असतं, मग भांडण कुणाशी करायचं? तोड होती सांडव्याची. चाकातून जाणारं पाणी थांबलं की पाटाची पातळी किंचित चढते आणि जास्तीचं पाणी आपोआप सांडव्यावरून खालच्या पाटात उतरतं. कुणी दार उघडायला नको, निरोप द्यायला नको. स्प्रूस स्ट्रीटवरून उतरताना दगडी आयव्हनहो व्हीलहाउस लागतं, त्याच्या शेजारी असा एक सांडवा आहे. आमच्या मते या सगळ्या फेरीतली सर्वांत महत्त्वाची जागा हीच. धबधब्यापुढे गर्दी असते, इथे सहसा कुणी नसतं. पाटात पाणी असेल त्या दिवशी इथे वीसेक फुटांचा छोटा, माणसाने घडवलेला धबधबा दिसतो. वर एक पातळी, खाली दुसरी आणि मध्ये चाकाचं घर. सगळं पॅटरसन या तीन गोष्टींत मावतं.

व्हीलहाउस १८६५ चं आहे. कागद करणाऱ्या आयव्हनहो गिरणीचा एवढाच भाग उभा राहिला. कागदाचा लगदा कुटायला सलग जोर लागतो, म्हणून गिरणी ऐन पायरीवर. त्या काळापर्यंत लाकडी चाकांची जागा लोखंडी टर्बाइन घेऊ लागली होती. का, ते समजायला जुन्या चाकाचा एक दोष माहीत हवा. वरून पाणी पडणाऱ्या चाकाचा तळ, पाणी ज्या दिशेने निघून जायला हवं त्याच्या उलट फिरतो. खाली पाणी तुंबलं, म्हणजे पुरात खालचा पाट भरला, की चाकाचा तळ त्या पाण्यात बुडतो आणि चाक स्वतःलाच मागे ओढतं. उपाय म्हणून पाणी चाकाच्या माथ्यावर न सोडता मागच्या अंगाने, चाकाच्या निम्म्याहून थोडं वर सोडायचे. मग तळ वाहत्या पाण्याच्याच दिशेने फिरतो आणि थोडा बुडाला तरी चालतो. टर्बाइनने तो प्रश्न बराच मिटवला. ते पाण्यात पूर्ण बुडून फिरतं, आकाराने लहान, वेगाने जास्त, आणि बर्फाचा त्रासही त्याला कमी. तरी खालची पातळी चढली की उंचीचा फरक घटतो आणि टर्बाइनचंही काम घटतं. पुराच्या दिवशी नदीत सगळ्यात जास्त पाणी आणि गिरणीत सगळ्यात कमी जोर, असं उलटं चित्र त्यामुळेच दिसतं.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना इथे एक तुलना उपयोगी पडेल. तिथे आडवं चाक आणि जातं एकाच उभ्या दंडावर आहे, पाणी पात्यांवर पडलं की दगड फिरतो. एक चाक, एक काम. पॅटरसनच्या गिरणीत एका चाकाने चार मजल्यांवरची शेकडो यंत्रं फिरायची. चाकापासून दातेरी चक्रांनी उभा दंड, त्यापासून प्रत्येक मजल्याच्या छताखालून आडवा दंड, त्यावर कप्प्या, कप्प्यांवरून चामड्याचे पट्टे आणि पट्ट्याखाली यंत्र. पट्टा दमट हवेत सैल पडून घसरतो, कोरड्या हवेत ताठरतो. दंडाचा एक आधार तापला तर अख्खा मजला थांबवावा लागतो. गिरण्या अरुंद, लांब आणि उंच का आहेत, याचं अर्धं उत्तर या दंडात आणि उरलेलं खिडकीच्या उजेडात आहे.

पुढे मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर रॉजर्स इमारत लागते. रेल्वेची इंजिनं जोडायची ही इमारत १८७१ ची, आत आता पॅटरसन म्युझियम आहे. वेळ आधी तपासून या, सोमवारी येऊन दार बंद पाहण्यापेक्षा बरं. स्वच्छतागृहासाठीही हीच जागा धरावी, पाटांच्या वाटेवर सोय नाही. रॉजर्सचं पहिलं इंजिन 'सँडस्की' १८३७ चं. त्यानंतर या कारखान्याने सहा हजारांहून अधिक वाफेची इंजिनं केली. १८६९ मध्ये युटामध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली तेव्हा समोरासमोर उभ्या दोन इंजिनांपैकी युनियन पॅसिफिकचं ११९ क्रमांकाचं इंजिन इथलंच. संग्रहालयाबाहेर पनामा कालव्याच्या कामावर राबलेलं, पॅटरसनच्याच कुक कारखान्याचं इंजिन ठेवलं आहे. आत जॉन हॉलंड यांच्या दोन सुरुवातीच्या पाणबुड्या आहेत. १८७८ ची पहिली तर जेमतेम एका माणसापुरती, तिची चाचणी याच नदीत झाली. रेशमाचे माग पाहायला मात्र वेळ काढा. धोटा, फण्या, ताण्याचं रूळ हे सगळं इचलकरंजीच्या किंवा येवल्याच्या माणसाला नावानिशी सांगता येईल.

मागांशेजारीच १९१३ चा संप समजून घ्यावा. एका विणकराकडे दोनऐवजी तीन-चार माग देण्याची पद्धत मालकांनी आणली. २५ फेब्रुवारीला काम थांबलं, सुमारे तीनशे गिरण्यांतले चोवीस हजारांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आठ तासांच्या दिवसाची मागणी पुढे आली. जुलैअखेर संप मोडला. आपल्याकडे मुंबईत १९२८ च्या मोठ्या संपामागेही एका कामगारावर जास्त यंत्रांचा भार टाकण्याचाच वाद होता. संपकऱ्यांच्या सभा पॅटरसनबाहेर हॅलेडनमधल्या बोट्टो कुटुंबाच्या घरापुढे होत, कारण शहरात सभांना बंदी होती. ते घर आता कामगारांचं संग्रहालय आहे. गाडी असेल तर तेही याच दिवशी होतं.

तिसरी पायरी व्हॅन हाउटन स्ट्रीटवर. या भागात फिनिक्स, एसेक्स अशा जुन्या गिरण्या आहेत. त्यांपैकी काहींत आता लोक राहतात, तेव्हा खिडक्यांत डोकावू नये. खालच्या पाटावरच्या गिरण्यांची पाठ नदीला. वापरलेलं पाणी इमारतीखालच्या कमानीतून थेट नदीत जायचं, पाण्याचं तिसरं आणि शेवटचं काम इथे संपायचं. पॅसेकचं पाणी हलकं, म्हणजे त्यात चुन्याचा अंश कमी, त्यामुळे रेशमाला रंग एकसारखा बसायचा. रंगाचं पाणीही मग याच नदीत सोडलं जायचं, आणि त्याची किंमत नदीने फार वर्षं मोजली.

नदीकाठच्या अवशेषांकडे जाताना सावध राहा. कापड छपाईच्या जुन्या कारखान्याची सुमारे सात एकर जागा १९८३ च्या आगीत आणि त्यानंतरच्या आगींत जळाली. भिंती मोकळ्या उभ्या आहेत, तळघरं उघडी आहेत. कुंपण आहे त्याच्या आत जायचं नाही. सॅम्युअल कोल्ट यांनी १८३६ मध्ये सुरू केलेल्या बंदुकांच्या कारखान्याचे तपकिरी वालुकाश्माचे अवशेष त्याच भागात आहेत. फिरत्या खान्याची त्यांची पिस्तुलं आधी इथे झाली. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. बेसाल्टच्या कड्याखालीच हा तपकिरी दगड सापडतो, म्हणून जुन्या इमारतींचे पाये आणि भिंती त्याच्या.

इथे भूक लागते. साउथ पॅटरसनमध्ये मेन स्ट्रीटवर अरब उपाहारगृहांची रांग आहे. शाकाहारी मंडळींचं तिथे उत्तम जमतं: हरभऱ्याचे फलाफेल, हमस, वांग्याचं भरीत म्हणावं असं बाबा गनूश, गरम रोटी. ज्येष्ठांना बरोबर आणलं असेल तर त्यांना ओव्हरलुक आणि संग्रहालय दाखवून पाटांचा मधला उंचसखल, पायऱ्यांचा भाग वगळावा. दोन ठिकाणांमध्ये गाडीने दोन-तीन मिनिटं लागतात.

फेरीचा शेवट पुन्हा ओव्हरलुकवर, पण या वेळी नजर धबधब्यावर न ठेवता खाली नदीकाठच्या विटांच्या इमारतीवर. हे एसयूएमचं जलविद्युत केंद्र, १९१४ चं. त्याने तीन पायऱ्या रद्द केल्या. सगळी ६६ फूट उंची एकाच जागी, नळांतून खर्च करायची आणि जोर तारेतून गिरणीत पाठवायचा. गिरणीला पाटाशेजारी असण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे याच सुमारास, १९१५ मध्ये, टाटांचं खोपोली केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. गिरणगाव पहिल्यापासून वाफेवर चाललेलं, तिथे पाण्याचा जोर आला तोच मुळी तारेतून. खोपोलीला उंची सतराशे फुटांच्या वर आणि पाणी मोजकं. पॅटरसनला उंची थोडी आणि पाणी भरपूर. म्हणून तिथे पाण्याच्या बारीक, वेगवान फवाऱ्यावर फिरणारी चाकं आणि इथे रुंद, बुडून फिरणारी टर्बाइनं. केंद्र १९६९ मध्ये थांबलं. १९८६ मध्ये तीन कॅप्लान टर्बाइनं बसवून ते पुन्हा चालू झालं, क्षमता सुमारे अकरा मेगावॅट. कॅप्लानची पाती जहाजाच्या पंख्यासारखी असून चालत्या यंत्रात त्यांचा कोन बदलता येतो. दलदलीतून सावकाश चढणाऱ्या-उतरणाऱ्या या नदीला ती म्हणूनच मानवतात.

केंद्राच्या पायथ्याशी पाणी बाहेर पडतं ती जागा वरून ओळखता येते. घळीतून येणारं पाणी पांढरं, फेसाळ, खळबळतं असतं. केंद्रातून येणारं गडद आणि जवळजवळ शांत, पृष्ठभागावर नुसत्या मोठ्या, गुळगुळीत उकळ्या. दोन्ही पाणी वरच्या एकाच बंधाऱ्यावरून आलेलं आणि सारखंच खाली उतरलेलं. पांढऱ्या पाण्याने आपला जोर खडकावर आपटून आवाजात आणि तुषारांत घालवलेला असतो. गडद पाण्याचा जोर तोवर तारांमध्ये गेलेला असतो. थोडं पुढे दोन्ही एकत्र होतात आणि नदी पॅटरसन गावाला वळसा घालून न्यूअर्कच्या खाडीकडे निघते.